मॅट्रिक्स कन्व्हर्टरची ०.८६६ ची मर्यादा आणि संकरित रचना : यंत्रमागाला उपयोग होईल का?

मागवाला_सोलापूर :
नमस्कार. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेलच्या मागांचा लहान कारखाना आहे आणि मी विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज ४१५ वरून ३५० पर्यंत उतरते. मग मोटारी तापतात, माग सुरू करताना पहिल्या फेकीला धोटा जोर धरत नाही आणि कापडावर पट्टी उमटते. त्यामुळे मधे डीसीचा टप्पा न घेता एसीवरून थेट एसी देणारा कन्व्हर्टर प्रकल्पासाठी घ्यावा, असे मनात आहे. मॅट्रिक्स कन्व्हर्टरचे (स्विचच्या जाळीतून इनपुटचे फेज थेट आउटपुटला जोडणाऱ्या कन्व्हर्टरचे) आउटपुट व्होल्टेज इनपुटच्या ०.८६६ पटीच्या वर जात नाही, हे वाचले. संकरित रचनेत कपॅसिटर असलेला एच-ब्रिज (चार स्विचचा पूल) जोडून ही मर्यादा ओलांडतात, असेही वाचले. परंतु त्या ब्रिजला बाहेरून वीज दिलेली नसेल, तर जास्तीचे व्होल्टेज येते कोठून?

विद्युत_अध्यापक :
प्रश्न नेमका आहे. व्हेंच्युरिनी आणि अलेसिना यांनी १९८० च्या सुमारास मांडलेल्या मूळ पद्धतीत ही मर्यादा ०.५ होती, १९८९ मध्ये त्यांनीच ती ०.८६६ पर्यंत नेली. त्यापुढे मात्र नऊ द्विदिश (दोन्ही दिशांनी करंट नेणारे आणि अडवणारे) स्विच कितीही चतुराईने चालवले, तरी इनपुट आणि आउटपुट दोन्ही शुद्ध साइन ठेवून वर जाता येत नाही, कारण इनपुटच्या लाइन-व्होल्टेजचे आवरण (दर क्षणी सर्वांत मोठे असलेल्या लाइन-व्होल्टेजची रेषा) ज्या क्षणी सर्वांत खाली असते, त्या क्षणीही आउटपुटची गरज त्यातूनच भागवावी लागते. ४१५ व्होल्टचे शिखर सुमारे ५८७ व्होल्ट, आणि आवरणाचा तळ ५०८. भागाकार करून पाहा, ०.८६६ च येतो.

आता संकरित अप्रत्यक्ष मॅट्रिक्स कन्व्हर्टर पाहू. त्यात रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा) आणि इन्व्हर्टर (डीसीचे पुन्हा एसी करणारा) या दोन टप्प्यांच्या मधे, साठवणीचा मोठा कपॅसिटर नसलेल्या डीसी दुव्याशी एकसरीत, एच-ब्रिज बसवतात. आवरण शिखराजवळ असताना तो काही व्होल्टेज स्वतःकडे घेऊन कपॅसिटर भरतो आणि तळाजवळ तेच परत देतो. ही देवघेव सेकंदाला ३०० वेळा होत असल्याने कपॅसिटर लहान चालतो. परंतु उसनवारीचा हिशेब शून्यावर यावाच लागतो, म्हणून बाहेरून ऊर्जा न देता मिळू शकते ते फक्त आवरणाच्या सरासरीइतके, म्हणजे साधारण ५६० व्होल्ट, अर्थात ०.९५५ पट, तेही इनपुट करंटचा साइन आकार सोडून सतत सर्वांत मोठे लाइन-व्होल्टेज निवडले तर. पूर्ण १ किंवा त्याहून अधिक कायम हवे असेल, तर त्या कपॅसिटरला वेगळा पुरवठा द्यावा लागेल. लेखांतून मोठे आकडे दिसले की हा पुरवठा आकृतीत कोठे आहे, ते आधी शोधावे.

जुना_रिवाइंडर :
सरांचे गणित बरोबर आहे, पण रोग निराळा आहे. तुमच्या मागांना वेग बदलायचा नाही; ५० हर्ट्झ आत, ५० हर्ट्झच बाहेर. ३५० व्होल्टवर मोटारीचा टॉर्क (३५०÷४१५)² म्हणजे ७१ टक्क्यांवर येतो, आणि मागाच्या मोटारीला तर सुरुवातीचाच टॉर्क मोलाचा असतो. अशा ठिकाणी मॅट्रिक्स कन्व्हर्टर बसवला, तर ३५० चेही ३०३ होतील.

मागवाला_सोलापूर :
हा हिशेब मी केलाच नव्हता. मग संकरित रचनेचा विचार सोडून द्यावा का?

जुना_रिवाइंडर :
सोडू नका, जागा बदला. सर्वो स्टॅबिलायझर उघडून पाहा : लाइनमध्ये एकसरीत बक-बूस्ट ट्रान्सफॉर्मर असतो आणि त्याच्या प्रायमरीला व्हेरिअक (ब्रश सरकवून व्होल्टेज कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) थोडेसेच व्होल्टेज देतो. बहुतेक वीज सरळ जाते, फक्त कमी पडलेले ६५ व्होल्ट भरून निघतात. १० केव्हीएच्या लोडला तो भाग सुमारे १.६ केव्हीए होतो. दुखणे एवढेच की कार्बन ब्रश झिजतो, त्यात सुताची धूळ बसते, आणि मोटार व्हेरिअक फिरवीपर्यंत व्होल्टेजचा झोल होऊन गेलेला असतो.

व्हेरिअकच्या जागी द्विदिश स्विचचा एसी चॉपर (वेगाने चालू-बंद करून एसी व्होल्टेज कमीजास्त करणारे मंडल) घाला, म्हणजे संकरित ट्रान्सफॉर्मर तयार होतो. मोठा डीसी कपॅसिटर नाही, आणि दुरुस्ती २० मिलिसेकंदांच्या एका आवर्तनातही बसवता येते. इनपुटचा करंट मात्र वाढेल : त्याच १० केव्हीएला १३.९ ऐवजी १६.५ अँपिअर. केबल त्या हिशेबाने धरा.

एक ताकीद. चॉपर बंद पडला तर एकसरी ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी कधीही उघडी राहता कामा नये, कारण लोडचा करंट सेकंडरीतून चालूच असतो आणि सीटी (करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर) उघडा पडल्यावर जसे व्होल्टेज चढते, तसेच येथेही चढून इन्सुलेशन जळते. बिघाड दिसताच प्रायमरी शॉर्ट करणारा काँटॅक्टर पहिल्या दिवसापासून आराखड्यात असू द्या.

विद्युत_अध्यापक :
सहमत. जोडीला स्विच बदलताना करंटची दिशा पाहून चार पायऱ्यांनी बदल करावा. दोन्ही स्विच क्षणभर एकत्र चालू राहिले तर शॉर्ट, आणि दोन्ही एकत्र बंद झाले तर इंडक्टिव्ह करंटला वाट राहत नाही. प्रकल्पासाठी आधी एक फेज, २३० व्होल्ट, दिव्यांचा लोड, आणि मग मोटार.

मागवाला_सोलापूर :
आभारी आहे. घरात एक जुना सर्वो बंद पडून आहे. त्याचा बक-बूस्ट ट्रान्सफॉर्मर शाबूत असेल तर त्यावरच सुरुवात करतो.