मदत हवी आहे : लेथवर घडवलेला गोळा कंबरेत बारीक का भरतो?

नमस्कार.

घरच्या लहान लेथवर (तुकडा फिरवत ठेवून टूलने कापण्याच्या यंत्रावर) मी यंत्रांच्या दांड्यांच्या टोकांना बसवण्यासाठी २५ मि.मी. व्यासाचे माइल्ड स्टीलचे गोळे घडवत आहे. गोळा डोळ्यांना चांगला दिसतो, परंतु मायक्रोमीटर लावला की तो गोळा नसल्याचे कळते. या दोषाचे कारण आणि त्यावरचा उपाय मला हवा आहे.

प्रारंभी मी पायऱ्यांची पद्धत वापरून पाहिली. टोकापासून आत z अंतरावर त्रिज्या √(२५z − z²) इतकी हवी, या हिशोबाने तक्ता केला, त्याप्रमाणे पायऱ्या कापल्या आणि कानशीने त्या मोडून एकसंध केल्या. टोकाजवळच्या पहिल्या एका मिलिमीटरमध्ये व्यास शून्यापासून ९.८० मि.मी.पर्यंत वाढतो, तर ११ आणि १२ मि.मी.च्या दरम्यान तो जेमतेम ०.१६ मि.मी. वाढतो. त्यामुळे सारख्या अंतराच्या पायऱ्या घेणाऱ्याला टोकाजवळ कानशीने शिल्पकाम करावे लागते, आणि माझ्या हातात ते कौशल्य नाही.

म्हणून कंपाउंड स्लाइड (टूल धरणारी वरची सरकती बैठक) काढून तिच्या जागी क्रॉस स्लाइडवर (टूल लेथच्या अक्षाला आडवे पुढे-मागे नेणाऱ्या बैठकीवर) एक जाड पट्टी बसवली, तिच्यात कांस्य बुशमध्ये (नळीसारख्या अस्तरात) फिरणारी उभी खुंटी घातली आणि खुंटीवर हाताने फिरवता येणारे टूल पोस्ट चढवले. टूल ८ मि.मी. हाय स्पीड स्टीलचे आहे. टूल माझ्या बाजूने सुरुवात करून टेलस्टॉकच्या (लेथच्या मोकळ्या टोकाच्या) दिशेने गोळ्याभोवती फिरते, आणि चकच्या (तुकडा धरून फिरवणाऱ्या जबड्याच्या) बाजूला १० मि.मी. जाडीची मान शिल्लक राहते. फेरे मिनिटाला सुमारे ३५० ठेवतो.

तयार झालेल्या गोळ्याचा कंबरेवरचा (मधोमध, अक्षाला काटकोनातला) व्यास २४.८२ भरला, पण मायक्रोमीटर अक्षाशी ४५ अंशात तिरपा धरून मोजल्यावर तो २४.८८ आला. चक फिरवून चार ठिकाणी हीच मापे मिळाली. म्हणजे आकार किंचित विटीच्या वळणावर गेला आहे. याशिवाय मोकळ्या टोकावर सुमारे ०.३ मि.मी. व्यासाचा एक बारीक उंचवटा राहतो. टूल सेंटर हाइटला (लेथच्या अक्षाच्या उंचीला) नसल्यामुळेच हे दोन्ही दोष येत असावेत, असा माझा तर्क आहे. तो बरोबर आहे का? आणि मान कापल्यानंतर त्या बाजूचा गोलावा पूर्ण करण्याची सोपी रीत कोणती? आतापर्यंत मी ती बाजू कानशीनेच भागवली आहे आणि ती लपत नाही.

प्रतिसाद

आपला तर्क अर्धा बरोबर आहे. उंचवटा टूलच्या उंचीमुळे येतो, पण विटीचा आकार त्यामुळे येत नाही.

टूलचे टोक सेंटरपेक्षा h इतके वर किंवा खाली असले, तरी खुंटीचा अक्ष लेथच्या अक्षाला छेदत असेल तर त्या छेदबिंदूपासून टोकाचे अंतर फिरताना कायम √(r² + h²) राहते; r म्हणजे खुंटीच्या अक्षापासून टोकाची त्रिज्या. अंतर कायम म्हणजे पृष्ठभाग गोलच. आपला उंचवटा ०.३ व्यासाचा आहे, म्हणजे h साधारण ०.१५ आहे, आणि १२.५ त्रिज्येवर त्याने पडणारा फरक एका मायक्रॉनहूनही कमी आहे. फक्त टोक अक्षापर्यंत पोहोचत नाही, म्हणून तेवढे धातूचे बोंड उरते. टूल खाली असेल तर त्याखाली शिम (पातळ पत्रा) घालावी, वर असेल तर काढावी. एवढ्याने तो दोष जाईल.

कंबर बारीक होते ती मात्र खुंटीचा अक्ष लेथच्या अक्षाच्या पलीकडे, म्हणजे आपल्यापासून दूर, गेल्यामुळे. हे अंतर e धरले तर कंबर २e ने कमी भरते आणि ४५ अंशातले माप सुमारे १.४१e ने कमी भरते. दोहोंतील फरक ०.५९e होतो. आपला फरक ०.०६ आहे, म्हणून e जवळपास ०.१० आहे. अक्ष अलीकडे राहिला असता तर उलट कंबर फुगली असती आणि टोकाशी खळगा पडला असता.

जुळणीसाठी चकमध्ये १२ मि.मी.चा तुकडा धरून तो तिथेच टर्न करावा, टूलच्या जागी डायल गेज (सूक्ष्म अंतर तबकडीवर दाखवणारे मापक) लावावे आणि त्याचे टोक तुकड्याला पुढून व मागून टेकवून दोन्ही वाचने घ्यावीत. खुंटी त्याच्या मोकळ्या टोकाजवळ ठेवली की गेज टेलस्टॉकच्या बाजूने वळसा घेऊ शकते. दोन वाचनांतील फरकाचा अर्धा म्हणजे e. क्रॉस स्लाइड तेवढी मागे घ्यावी, पण आधी जास्त मागे नेऊन मग पुढे आणत जागेवर थांबवावे, अन्यथा स्क्रूचा प्ले (आट्यांतली ढिलाई) आपले सगळे गणित खाऊन टाकतो. मग गिब स्क्रू (स्लाइडची ढिलाई काढणारे स्क्रू) आवळून स्लाइड जाम करावी आणि गोळा पूर्ण होईपर्यंत तिला हात लावू नये. कट टूलच्या त्रिज्येनेच, म्हणजे टूलचे टोक खुंटीच्या जवळ आणूनच, द्यावा. मला वाटते, मूळ चूक इथेच झाली असेल. कट वाढवायला क्रॉस स्लाइड फिरवण्याची सवय सुटता सुटत नाही.

मानेचा प्रश्न मी सोडवण्याऐवजी टाळला असता. गोळ्याला दांडीसाठी आटे पाडायचेच आहेत, तर ते आधी पाडावेत : ६.८ चे छिद्र, एम ८ (८ मि.मी. आट्यांचा) टॅप. मग चकमध्ये धरलेल्या एम ८ आट्यांच्या मँड्रेलवर (आधाराच्या दांडीवर) तुकडा चढवून पूर्ण गोळा एकाच जुळणीत घडवावा. उजव्या आट्यांवर कटाच्या जोराने तुकडा घट्टच होत जातो. छिद्राभोवती जी सपाट कड उरते, ती दांडीच्या खांद्यावर बसते.

धागाकर्त्याचे उत्तर

क्रॉस स्लाइडविषयीचा आपला संशय खरा आहे. प्रत्येक कट मी तिनेच देत होतो. गेजच्या दोन वाचनांत ०.२१ चा फरक मिळाला. माझ्या क्रॉस स्लाइडचा डायल व्यासाचे माप दाखवतो, हे विसरून पहिल्यांदा मी निम्मीच दुरुस्ती केली. दुसऱ्यांदा ती पूर्ण केली, शिम घातली आणि मँड्रेलवर नवा तुकडा चढवला. कंबरेवर २४.९८ आणि तिरपे २४.९९ भरले, आणि टोकावर बोंड नाही. छिद्राजवळ पोहोचताना टूल थरथरते आणि तिथे बारीक लाटा उमटतात. खुंटीच्या बुशमध्ये थोडी ढिलाई हाताला जाणवते, म्हणून पुढचा गोळा घेण्यापूर्वी बुश नवे करणार आहे.