फिस्कल स्पेसला मराठीत काय म्हणायचं?

एक लेख मराठीत करतोय, त्यात फिस्कल स्पेस (सरकारला आणखी किती खर्च झेपेल ती मोकळीक) आणि स्टिम्युलस (मंदीत अर्थव्यवस्थेला सरकार देतं तो जोर) हे शब्द सारखे येतायत. 'राजकोषीय अवकाश' लिहिलं तर लोकांना यान आठवेल. 'तिजोरीतली शिल्लक' चालेल का?

– शिल्लक नको, अर्थच बदलतो. सरकारकडे पैसा पडून असतो आणि मंदी आली की काढायचा असं नसतंच हो, तूट दरवर्षीचीच आहे, प्रश्न एवढाच की आणखी कर्ज काढलं तर व्याज झेपेल का. २००८ ला आदल्या वर्षीची तूट जीडीपीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास होती म्हणून डिसेंबरात एक्साइज (कारखान्यात बनलेल्या मालावरचा केंद्राचा कर) १४ टक्क्यांचा १० करायची हिंमत झाली, मग तूट ६ च्या घरात गेली (त्यात शेतकरी कर्जमाफी आणि सहावा वेतन आयोग पण होता, सगळं मंदीच्या नावावर खपवू नका). मी 'खर्चाला वाव' लिहीन.

– वावपेक्षा 'ऐपत' सरळ नाही का?

– ऐपत असून वाव नसतो ना. केंद्राचं कर्ज बाकी असेल तर राज्याला नवीन कर्जासाठी केंद्राची परवानगी लागते, कलम २९३. २०२० ला कोरोनात कर्जाची मर्यादा राज्याच्या जीडीपीच्या ३ वरून ५ टक्के केली तीही बरीचशी अटी घालून, एक देश एक रेशन कार्ड वगैरे. त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्राने विकासकामांच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली. ऐन मंदीत! आता महाराष्ट्राची ऐपत नव्हती म्हणायचं का?

– वाव कर्जातूनच मिळतो असंही नाही. ७२ च्या दुष्काळात सुरू झालेल्या रोजगार हमीला पैसा लागला म्हणून १९७५ ला व्यवसाय कर बसवला. पगाराच्या स्लिपवर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात ना, तोच.

– स्टिम्युलस राहिलंच. 'उत्तेजन' नको बुवा, 'चालना' बरं. आणि पॅकेजला सरसकट चालना म्हणू नका, केंद्राच्या २०२० च्या २० लाख कोटींच्या कोरोना पॅकेजात लघुउद्योगांच्या ३ लाख कोटी कर्जाची नुसती हमी होती, रिझर्व्ह बँकेने आधीच सोडलेली रोकडही धरलेली. हमीत कर्ज बुडालं तरच सरकारच्या खिशाला हात लागतो.

– मग 'वाव', 'चालना' फायनल. हमीचा आकडा वेगळा दाखवतो, मूळ लेखात सगळं एकत्रच ठोकलंय.