पुढच्या उजव्या चाकाचे बेअरिंग वारंवार जाते आहे : कारण कसे शोधावे?

धागाकर्ती

नमस्कार. माझी गाडी पुढची चाके ओढणारी छोटी हॅचबॅक आहे. पुढच्या उजव्या चाकाचे मूळ बेअरिंग १,१२,००० किलोमीटर चालले. त्यानंतर बसवलेले दुसरे १९,००० किलोमीटरमध्ये आणि तिसरे ११,००० किलोमीटरमध्ये गेले. आता बसलेले चौथे बेअरिंग जेमतेम साडेसहा हजार किलोमीटरनंतर घोंगावू लागले आहे. प्रत्येक वेळी निराळ्या कंपनीचे बेअरिंग वापरले, तरी गॅरेजमध्ये दर वेळी 'माल खराब निघाला' एवढेच उत्तर मिळते. डाव्या बाजूचे मूळ बेअरिंग आजही शांत आहे. ९०,००० किलोमीटरच्या सुमारास मी चारही चाकांना अलॉय रिम बसवल्या. त्या मूळ रिमपेक्षा थोड्या बाहेर येतात. पहिले बेअरिंग जाण्याच्या काही महिने आधी हेच चाक एका खोल खड्ड्यात जोरात आपटले होते आणि रिम वाकली होती. पाचवे बेअरिंग विकत घेण्याआधी नेमके काय तपासून घ्यावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुना फिटर

तुम्ही किलोमीटरचे आकडे नोंदवून ठेवले हे फार बरे केले, कारण अर्धे निदान त्यांतच आहे. केवळ माल खराब असता, तर तीन कंपन्यांची बेअरिंगे त्याच एका चाकात जाऊन दुसऱ्या बाजूचे मूळ बेअरिंग टिकले नसते. शिवाय प्रत्येक वेळी आयुष्य आधीपेक्षा कमी होत आहे, म्हणजे जे भाग बदलले जात नाहीत त्यांची अवस्था दर खेपेस बिघडत असावी. असे भाग दोनच आहेत: ज्या नकलमध्ये बेअरिंग दाबून बसते ती नकल (नकल म्हणजे सस्पेन्शनला जोडलेला, चाकामागचा धातूचा भाग) आणि बेअरिंगच्या आतून जाणारा, ज्यावर चाक बसते तो हब.

तरीही आवाज बेअरिंगचाच आहे याची आधी खात्री करून घ्या, कारण पायऱ्यापायऱ्यांनी झिजलेला टायर हुबेहूब असाच घोंगावतो. पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून पाहावे. आवाज टायरबरोबर मागे गेला, तर बेअरिंग निर्दोष. मोकळ्या रस्त्यावर एकाच वेगात गाडी हलकेच डावीकडे वळवली की भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा आवाज वाढला आणि उजवीकडे वळवताना कमी झाला, तर उजव्या बेअरिंगवर संशय घ्यायला जागा आहे. मात्र छर्ऱ्यांच्या दोन ओळी असलेल्या बेअरिंगमध्ये कधीकधी उलटेही घडते, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नये. माझा भरवसा हातावर आहे: गाडी स्टँडवर उचलून एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवावा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवावे. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट जाणवते. चांगल्या बेअरिंगची काहीच जाणवत नाही.

चाक वर-खाली धरून हलवल्यावर प्ले (ढिलेपणा) जाणवला, तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर तो बेअरिंगमध्ये आहे; तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा सस्पेन्शनचा दुसरा सांधा पाहावा.

रात्रपाळी

मला तर रिमच दोषी वाटतात. चाक बाहेर सरकले की रस्त्याकडून येणाऱ्या बलाची रेषा बेअरिंगच्या मध्यापासून दूर जाते आणि बाहेरच्या ओळीवर भार वाढतो. छर्ऱ्यांच्या बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणजे भार दुप्पट झाला की आयुष्य एक अष्टमांश. भार केवळ २० टक्क्यांनी वाढला, तरी आयुष्य सुमारे ५८ टक्क्यांवर येते. जुन्या रिम परत बसवाव्यात.

जुना फिटर

गणित बरोबर आहे, पण त्याच रिम डाव्या चाकालाही आहेत आणि तिथले मूळ बेअरिंग अजून चालू आहे. रिममुळे आयुष्य कमी झाले असेलही, परंतु एक लाखाचे साडेसहा हजार होणे त्याने उलगडत नाही. चौकशीच्या यादीत रिम दुसऱ्या क्रमांकावर असू द्याव्यात.

मोजमाप

वरील मताशी मी सहमत आहे. यात एक भर घालतो: निघालेले बेअरिंग भंगारात टाकू नका, ते उघडून वाचा. तुमची आधीची तिन्ही बेअरिंगे गेली, पण चौथे अजून हातात आहे. हब काढल्यानंतर, बेअरिंग नकलमधून दाबून काढण्यापूर्वी, बाहेरच्या कड्यावर आणि नकलवर मार्करने वरच्या बाजूला समोरासमोर खूण करावी. नंतर बेअरिंग रॉकेलने धुवावे आणि बाहेरचे कडे कटरने दोन जागी कापून उघडावे. डोळ्यांवर चष्मा हवाच. हे पोलाद अतिशय कडक असते आणि त्याचे तुकडे उडतात.

वर खूण का करायची, हे सांगतो. अशा गाडीत बाहेरचे कडे स्थिर असते आणि गाडीचे वजन त्याच्या वरच्या भागातून छर्ऱ्यांवर येते. त्यामुळे निरोगी बेअरिंगमध्ये छर्ऱ्यांच्या वाटेचा ठसा वरच्या बाजूला अधिक ठळक आणि खाली फिका असतो. दोन्ही ओळींमध्ये संपूर्ण वर्तुळभर सारखाच खोल ठसा असेल, तर बेअरिंग आतून गरजेपेक्षा जास्त आवळले गेले होते. परस्परांच्या बरोबर समोर दोन ठळक पट्टे असतील, तर नकलचे भोक गोल राहिलेले नाही आणि त्याने कड्याला चिमटा घेतला आहे. फक्त बाहेरच्या ओळीची खवले निघाली असतील, तर रिमचा मुद्दा पुन्हा विचारात घ्यावा. तांबूस गंज आणि चहाच्या रंगाचे ग्रीस दिसले, तर पाणी शिरले आहे. कडे निळसर किंवा गडद तपकिरी झाले असेल, तर उष्णतेचा स्रोत शोधावा लागेल आणि बहुधा तो अडकून राहिलेला ब्रेक कॅलिपर असतो.

आता सर्वांत फसवी खूण. छर्ऱ्यांच्या अंतराइतक्याच अंतरावर ओळीने खळगे दिसले, की बसवताना चुकीच्या कड्यावर दाब दिला असे म्हणतात आणि ते खरेही आहे. पण हब ओढून किंवा ठोकून काढतानाही सगळे बल छर्ऱ्यांमधूनच जाते आणि तसेच खळगे पडतात. काढताना पडलेला खळगा चकचकीत, स्वच्छ कडांचा आणि खाचेच्या काठाजवळ असतो. बसवताना पडलेल्या खळग्यावरून हजारो किलोमीटर छर्रे धावलेले असतात, म्हणून त्याच्या कडा मळकट आणि खवले सुटलेल्या दिसतात. हा फरक न कळल्यामुळे निर्दोष फिटरवर आळ आलेला मी पाहिला आहे.

धागाकर्ती

आपल्या सूचनेप्रमाणे दुसऱ्या गॅरेजमध्ये काम केले आणि मी स्वतः शेजारी उभी राहिले. स्प्रिंगवर हात ठेवल्यावर खरखर अगदी स्पष्ट जाणवली. खूण करून बेअरिंग काढले. बाहेरच्या कड्याची बाहेरील गोल बाजू पुढे आणि मागे अशा दोन ठिकाणी लालसर तपकिरी भुकटीने माखलेली होती. पुसल्यावर खाली घासून चकचकीत झालेले डाग निघाले. वर आणि खाली मात्र पृष्ठभाग कोरा करकरीत होता. कडे कापल्यावर आतल्या खाचेत वर एक आणि बरोबर खाली दुसरा असे दोन गडद पट्टे दिसले आणि खालच्या पट्ट्यात बोटाच्या नखाला लागेल इतके खवले निघालेले होते. गंज नव्हता, रंगही बदललेला नव्हता. काही चकचकीत खळगे होते, पण ते काठाला होते. म्हणजे ते काढतानाचे असावेत.

मोजमाप

खाली पट्टा असायलाच नको होता. भोक वर-खाली आखूड आणि पुढे-मागे रुंद झालेले आहे: आखूड बाजूने कड्याला चिमटा बसला आणि रुंद बाजूला कडे सैल राहून किंचित हलत राहिले. ती तपकिरी भुकटी त्या हालचालीचीच आहे, पाण्याच्या गंजाची नव्हे. आता बोअर गेजने (भोकाचा आतला व्यास मोजणाऱ्या उपकरणाने) भोकाचे माप किमान चार दिशांना आणि दोन खोलींवर घ्यावे. व्हर्नियरवर विसंबू नये. इथे प्रश्न शतांश मिलिमीटरचा आहे आणि व्हर्नियरचे आतले जबडे गोल भोकात तितका भरवसा देत नाहीत. मापे घेण्यापूर्वी नकल थंड आणि भोक स्वच्छ असावे.

हबही सोडू नये. फ्लँजवर (हबच्या ज्या चकतीवर चाक टेकते तिथे) डायल गेज लावून हब एक पूर्ण फेरा फिरवावा आणि काटा किती हलतो ते पाहावे. तुमच्या गाडीची मर्यादा मॅन्युअलमध्ये असेल, पण बहुतेक मोटारींमध्ये ती ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते.

धागाकर्ती

मापे मिळाली. भोकाचा पुढे-मागे व्यास वर-खाली व्यासापेक्षा ०.०७ मिलिमीटरने जास्त आहे. हबचा फ्लँज जुन्या, उघडण्यापूर्वीच्या बेअरिंगवर ०.१२ दाखवत होता, पण बेअरिंगच खराब असल्यामुळे या आकड्याला किती महत्त्व द्यावे ते समजत नाही. हबच्या ज्या दांड्यावर आतले कडे बसते, तिथे ग्राइंडरने पडलेला एक आडवा ओरखडाही आहे. मागच्या वेळी तिथे अडकलेले कडे कापून काढले असावे. गॅरेजमधल्या एका कारागिराने भोकात आतून चहूकडे पंच मारून बेअरिंग घट्ट बसवून देण्याची तयारी दाखवली. दुसऱ्याने बेअरिंग चिकटवण्याचे द्रव्य सुचवले. यांपैकी काही करावे का?

जुना फिटर

पंचाचे काम कृपया अजिबात करू देऊ नये. पंचाने उठवलेल्या टोकांवर कडे केवळ ठिपक्याठिपक्यांनी टेकते. काही दिवस घट्ट वाटते, मग टोके चेपतात आणि कडे पुन्हा फिरू लागते. शिवाय बाहेरचे कडे पातळ असते, ते ज्या आकाराच्या भोकात दाबले जाईल तोच आकार घेते. चिकटवण्याचे द्रव्य गोल पण किंचित सैल झालेल्या भोकाची तात्पुरती सोय असते. लंबगोल भोक ते गोल करत नाही. दाबून बसण्याची ही पकड मुळात काही शतांश मिलिमीटरचीच असते, त्यात सात शतांशांचा फरक म्हणजे नकल बदलणे आले. ओरखडा पाहता हबही नवा घ्यावा. नव्या बेअरिंगवर बसवल्यानंतर फ्लँजचे डायल गेजने पुन्हा माप घ्यावे, तोच आकडा ग्राह्य.

नकल लंबगोल का झाली, हे आता खात्रीने सांगता येणार नाही. खड्ड्याचा आघात कारण असू शकतो, पण माझा अधिक संशय पहिल्या बदलीवर आहे. जाम झालेले कडे गॅसची ज्योत एकाच बाजूला मारून आणि घणाने ठोकून काढण्याची सवय अनेकांना असते, आणि तसे एकदा झाले की पुढचे प्रत्येक बेअरिंग त्याची किंमत मोजत राहते.

बसवताना तीन गोष्टींवर स्वतः लक्ष ठेवावे. नकलमध्ये बेअरिंग दाबताना दाब केवळ बाहेरच्या कड्यावर हवा. नंतर हब दाबताना खालून आतल्या कड्याला आधार हवा. नकल नुसती दोन ठोकळ्यांवर ठेवून वरून हब दाबला, तर सगळे टन छर्ऱ्यांमधून जातात. आणि सर्क्लिप (बेअरिंग जागेवर अडवून धरणारी स्प्रिंगची कडी) आपल्या खाचेत पूर्ण बसली आहे, हे टॉर्च मारून पाहावे.

मोजमाप

एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर अनेक गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या बाजूलाच यायला हवी. दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तर हलकी टाचणी जवळ न्यावी, ज्या बाजूला ती ओढली जाईल ती चुंबकीय. त्या पट्टीला लोखंडाचा कीस लागू देऊ नये.

अ‍ॅक्सलचा नट नवाच हवा. आतली दोन अर्धी कडी एकमेकांना घट्ट धरून ठेवण्याचे काम हा नट करतो, त्यामुळे त्याचा टॉर्क (आवळण्याचा जोर) म्हणजे बेअरिंगची आतली मोकळीक ठरवणारी गोष्ट आहे. इम्पॅक्ट गनने अंदाजे घट्ट न करता मॅन्युअलमधील आकड्यावर टॉर्क रेंच लावावा, आणि नट पूर्ण आवळला जाईपर्यंत गाडीचे वजन त्या चाकावर येऊ देऊ नये. नट सैल असताना गाडी जागेवरून दोन हात ढकलली, तरी नवे बेअरिंग बिघडू शकते.

धागाकर्ती

नवी नकल, नवा हब, नवे बेअरिंग आणि नवा नट बसवून ९,००० किलोमीटर झाले. बसवल्यावर फ्लँजचे माप ०.०२ मिलिमीटर आले होते. मागच्या आठवड्यात चाक उचलून स्प्रिंगवर हात ठेवून पाहिले, बोटांना काहीच जाणवले नाही. जुन्या रिमही परत बसवल्या आहेत.

नवा वाचक

माझ्या गाडीच्या मागच्या चाकाला बोल्टने बसणारे एकसंध हब-बेअरिंग आहे आणि तेही दुसऱ्यांदा गेले. दाबून बसवण्याचा प्रश्नच नसताना काय पाहावे?

जुना फिटर

तुमच्या बाबतीत आधी हबच्या मागे, जिथे तो टेकतो ती सपाट जागा पाहावी. जुन्या गंजाचा पापुद्रा किंवा मातीचा थर राहिला, तर बोल्ट आवळताना हब तिरका बसतो. तारेच्या ब्रशने जागा धातूपर्यंत स्वच्छ करावी, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळावेत. त्यानंतर दोन-तीन वेळा वीसेक किलोमीटर, ब्रेक शक्य तितके कमी वापरून, गाडी चालवावी आणि थांबल्याबरोबर दोन्ही मागच्या चाकांच्या रिमच्या मध्याजवळ हात न टेकवता नुसता न्यावा. एक बाजू स्पष्टपणे जास्त तापत असेल, तर पुढचे बेअरिंग घेण्यापूर्वी त्या बाजूचा ब्रेक आणि हँडब्रेकची केबल मोकळी सुटते का ते पाहावे.