अनुभव धागा : फोटोतल्या माणसांच्या आजूबाजूला

जुना फोटो हाती आला की आपण आधी चेहरे ओळखू लागतो आणि ओळख पटली की तो परत ठेवून देतो. माणसांच्या मागे, चौकटीच्या कडेला आणि पुठ्ठ्याच्या पाठीवर जे असते, त्यात घराचा आणि गावाचा इतिहास अधिक सापडतो, असे मला वाटते. आपल्या संग्रहातील एखाद्या फोटोविषयी या दृष्टीने सविस्तर लिहावे, ही विनंती.

पुणे

माझ्या काकांच्या मुंजीचा फोटो नारायण पेठेतील आमच्या वाड्याच्या चौकात काढलेला आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, ते पाणी खडकवासल्याच्या धरणालाही पेलले नाही आणि नदीकाठच्या पेठांत पूर शिरला, त्यात हा वाडा पडला. चिखलातून ट्रंक निघाली तेव्हा आतल्या फोटोंची एकमेकांना चिकटून वीट झाली होती. आत्या ते ओढून सोडवू लागली, पण स्टुडिओत कामाला असलेल्या शेजाऱ्यांनी तिला थांबवले. त्यांनी गठ्ठा परातीत स्वच्छ पाण्यात भिजत ठेवला, पाणी बदलत राहिले आणि सुटा झालेला एकेक फोटो, चित्राच्या बाजूला बोट लागू न देता, धोतरावर उताणा वाळत घातला. कागदावरचा जिलेटिनचा थर ओला असताना इतका मऊ असतो की नुसत्या चोळण्याने चेहरा निघून येतो. मुंजीच्या फोटोत बटूचे पाय, पाट आणि रांगोळी गेलीच. वरच्या भागात मात्र तुळया, हौदाची कड आणि माडीच्या कठड्यावरून वाकून पाहणाऱ्या बिऱ्हाडांतल्या बायका स्वच्छ दिसतात. पुढे गोखलेनगरला राहायला गेल्यावर कोणत्या खोलीत कोण राहत होते, हे आजी त्याच फोटोवरून सांगत असे, आणि ते सारे मी लिहून ठेवले आहे. वाड्याचा दुसरा कोणताही पुरावा आमच्याकडे नाही.

लालबाग, मुंबई

आजोबा कापडगिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणणाऱ्या खात्यात होते. खात्यातल्या जॉबरच्या, म्हणजे कामगारांवर देखरेख करणाऱ्या मुकादमाच्या, निवृत्तीच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर काढलेल्या फोटोत जॉबर खुर्चीवर हार घालून बसले आहेत, जुने कामगार त्यांच्या शेजारी बाकावर आहेत, आणि बदलीवरची, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी कामाला घेतली जाणारी, तरुण मुले पुढे जमिनीवर, बहुतेक अनवाणी. खात्यातली उतरंड यातून जितकी कळते तितकी सांगून कळली नसती. उजव्या कडेला अर्धीच आलेली बाई आमच्या खाणावळवाल्या मावशी आहेत. गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या हजारो कामगारांना अशा बायकांनी जेवू घातले, आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्यांच्यासाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. १८ जानेवारी १९८२ पासूनच्या गिरणी संपाचे मोर्चे वर्तमानपत्रांतून पुष्कळ पाहायला मिळतात. मावशींचा मात्र हा एवढाच फोटो आहे, आणि तोही अर्धा, याचे मला फार वाईट वाटते.

फिलाडेल्फिया

आमच्या घरच्या संग्रहातला नसला तरी इथल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहातील एका फोटोबद्दल लिहितो. १० ऑक्टोबर १८८५ चा हा फोटो स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील तीन विद्यार्थिनींचा आहे: साडीतल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली. खाली नावांसोबत गावेही लिहिली आहेत. आनंदीबाईंपुढे कल्याण किंवा पुणे नाही, तर बंगालमधील श्रीरामपूर आहे, कारण गोपाळरावांची टपाल खात्यातली नोकरी तेव्हा तिथे होती आणि तिथूनच त्या १८८३ साली निघाल्या. नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरलेले आयुष्य त्या एका ओळीत उतरले आहे. मार्च १८८६ मध्ये त्यांना पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, हे माहीत असल्यामुळे त्यांच्या शांत चेहऱ्याकडे मला फार वेळ पाहवत नाही.

सातारा

एक कळकळीची सूचना. चिकट पानांच्या अल्बममध्ये लावलेले आमचे आजोळचे फोटो पिवळे पडले असून आता पानापासून सुटत नाहीत, त्यामुळे पाठीवर आजोबांनी लिहिलेली नावे वाचता येत नाहीत. फोटो कागदी कोपऱ्यांतच लावावेत, नावे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत, आणि ओळखणारी माणसे घरात आहेत तोवर हे काम उरकून घ्यावे.