मदत हवी आहे: तापीकाठाने चोपडा ते प्रकाशा, अनेर कुठून ओलांडावी?

सप्टेंबरच्या शेवटी पाच जण तापीच्या उत्तर काठाने पायी निघणार आहोत. पाठीवर प्रत्येकी १० ते १२ किलो. नकाशात अनेर तापीला मिळते तिथे पूल दिसत नाही. मुखापाशीच उतरून जाता येईल का? दोर नेणार आहोत. डांबरी रस्ता शक्यतो टाळायचाय.

काठकाठ :
मुखापाशी नकोच. पाऊस ओसरला की तापीवरच्या बॅरेजचे दरवाजे टाकतात आणि अडलेल्या पाण्याचा फुगवटा उपनद्यांच्या तोंडात शिरतो. वरून पाणी तळ्यासारखं शांत दिसतं, पण खाली पुरुषभर खोली आणि पोटरीपर्यंत गाळ. त्यात काठ गाळमातीचे, उभे तुटलेले. पलीकडे पोचलात तरी ओझ्यासकट वर चढता येत नाही. अनेरच्या काठाने शेतरस्त्यांनी वर जा, अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्याचा पूल धरा आणि पलीकडच्या काठाने परत तापीवर या. डांबर लागेल ते पुलापुरतंच. पुढे शिरपूरजवळ अरुणावती आहे, प्रकाशाला गोमाई. तिथेही हाच हिशेब.

प्रश्नकर्ता :
मध्ये कुठे फरशी (पात्रातला बुटका पूल) किंवा बंधारा मिळाला तर?

काठकाठ :
फरशी कोरडी असेल तर खुशाल जा. वरून पाणी वाहत असेल तर थांबा, घोट्याएवढं असलं तरी. कडा दिसत नाहीत, मधला तुकडा वाहून गेलेला असू शकतो. बंधाऱ्याच्या माथ्यावरून तर चालूच नका: शेवाळ असतं, आणि खाली पडणारं पाणी माणसाला भिंतीकडेच परत ओढतं.

सातपुड्या :
भाऊ, चोपड्यात कडक ऊन असतं आणि वर सातपुड्यात दुपारी कोसळलेलं असतं, तो लोंढा अचानक खाली येतो. धरणातून पाणी सोडलं तरी तेच. म्हणून कुठलीही नदी सकाळी ओलांडा. आधी पाण्याच्या कडेला दगड ठेवून १५ मिनिटं बसा. दगड बुडाला, पाणी गढुळलं, काडीकचरा वाहायला लागला तर काठावरून मागे सरा.

पाणी उतरण्याजोगं आहे का, याची खूण सोपी आहे. लाकडाचा तुकडा टाका आणि काठाने त्याच्याबरोबर चाला. झपझप चालूनही तो पुढे गेला, किंवा पाणी गुडघ्याच्या वर असलं, तर नाही. पात्र पसरट असेल तिथे बघा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला डोह असतो. आणि खालच्या बाजूला काय आहे तेही पाहून घ्या. वाहत गेलात तर रेतीवर लागाल की पाण्यात पडलेल्या बाभळीत अडकाल?

सगळ्यात फसवे वाळूउपशाचे खड्डे. घोटाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट छातीएवढ्यात. पाच-सहा फुटी काठीने तळ लागल्याशिवाय पाऊल टाकू नका.

बूट घालूनच उतरा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडल्यावर सॅक टाकून देता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाऊल. पाचही जण एकामागे एक, खांदे धरून. दणकट माणूस वरच्या बाजूला. दोर कमरेला अजिबात बांधू नका. पाय घसरला की ताणलेला दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो.

काठकाठ :
आणि काठावर गुराखी दिसला की विचारा, "भाऊ, पानी कितलं शे?" (पाणी किती आहे?) मात्र तो ज्या जागेचं सांगेल तिथूनच उतरा, त्याच्या पन्नास पावलं इकडेतिकडे नाही.

प्रश्नकर्ता :
पुलाचंच ठरवलं. दोर घरी, काठ्या पाच.