एपीआय लॅपटॉपवर चालते, मोबाइलवर मात्र उघडत नाही

प्रश्नकर्ता, औसा (जि. लातूर):
नमस्कार. बाजार समितीतील सोयाबीन आणि तुरीचे भाव मोबाइल ॲपला पुरविणारी एक छोटी एपीआय (ॲपने मागितलेली माहिती देणारा प्रोग्राम) मी फास्टएपीआय या पायथनच्या चौकटीत लिहीत आहे. उबुंटू लिनक्सवर युव्हिकॉर्न (ही एपीआय चालविणारा सर्व्हर) सुरू केल्यावर लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये १२७.०.०.१:८००० या पत्त्यावर उत्तर व्यवस्थित येते. मात्र त्याच वायफायवरील मोबाइलवर काहीच उघडत नाही. शिवाय गावाकडे नेट गेले की डॉक्सचे पान (फास्टएपीआय आपोआप बनविते ते एपीआयच्या माहितीचे पान) कोरे दिसते. सर्व्हर माझ्याच लॅपटॉपवर असताना नेटचा संबंध कुठे येतो?

उत्तर, नांदेड:
१२७.०.०.१ म्हणजे ज्या यंत्रावर तो पत्ता टाकला ते यंत्र स्वतः. त्यामुळे मोबाइल आपल्या स्वतःमध्येच सर्व्हर शोधत राहतो. युव्हिकॉर्न सुरू करताना होस्ट ०.०.०.० (म्हणजे लॅपटॉपच्या सर्व नेटवर्क पत्त्यांवर ऐकणे) द्यावा आणि मोबाइलवर लॅपटॉपचा वायफायवरील पत्ता (बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा) टाकावा. उबुंटूची यूएफडब्ल्यू फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडविणारी) चालू असेल, तर ८००० हा पोर्ट मोकळा करावा लागेल. कॉलेजच्या किंवा लॉजच्या वायफायवर हा होस्ट ठेवू नये, कारण तेथील कोणीही आपल्या एपीआयपर्यंत पोहोचू शकतो.

उत्तर, परभणी:
डॉक्सच्या पानाचा सांगाडा आपला सर्व्हरच देतो, परंतु ते पान रंगविणाऱ्या स्वॅगर यूआय या साधनाच्या जावास्क्रिप्ट आणि सीएसएस फाइली जेएसडेलिव्हर या सीडीएनवरून (इंटरनेटवरून फाइली पुरविणाऱ्या सेवेवरून) येतात. नेट नसताना एपीआय ठणठणीत असते, कोरे राहते ते केवळ हे पान. खात्री करायची असल्यास ओपनएपीआयची जेसन फाइल (आपला सर्व्हरच देतो ते एपीआयचे वर्णन) उघडून पाहावी. त्या दोन फाइली प्रकल्पाच्या स्टॅटिक फोल्डरमध्ये उतरवून घ्याव्यात, मूळ डॉक्स बंद करावे आणि या फाइली वापरणारा स्वतःचा मार्ग लिहावा. पॅकेजेसचेही तसेच आहे: लातुरात चांगले नेट असताना पिप या पॅकेजेस बसविणाऱ्या साधनाच्या डाउनलोड आज्ञेने ती एका फोल्डरमध्ये साठविली, की गावी ऑनलाइन इंडेक्सविना त्याच फोल्डरमधून बसविता येतात. दोन्हीकडे पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकच हवी, नाही तर काही व्हील फाइली (बसविण्यास तयार पॅकेजेस) नाकारल्या जातात.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. फायरवॉलच आडवी येत होती. आता मोबाइलच्या ब्राउझरमध्ये भाव दिसतात, परंतु ॲपमध्ये अजूनही जोडणी होत नाही.

उत्तर, नांदेड:
ॲप अँड्रॉइड ९ किंवा त्यापुढील आवृत्तीसाठी बांधले असेल, तर साधे (कूटबद्ध नसलेले) एचटीटीपी मुळातच अडविले जाते. ॲपच्या नेटवर्क सिक्युरिटी कॉन्फिग या सेटिंग फाइलीत केवळ डीबग बिल्डपुरती (चाचणीच्या आवृत्तीपुरती) सूट द्यावी. एम्युलेटर (लॅपटॉपवरच चालणारा आभासी मोबाइल) वापरत असल्यास लॅपटॉपसाठी १०.०.२.२ हा पत्ता टाकावा.