एनबीए ड्राफ्ट: १९ वर्षांची अट नेमकी मोजतात कशी?

रिबाउंड_नाशिक:
२०२५ च्या ड्राफ्टमध्ये (म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात तेव्हा) डॅलसच्या संघाने कूपर फ्लॅगला पहिल्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो १८ वर्षांचाच होता. मग १९ ची अट कुठे गेली? कॉलेजात एक वर्ष खेळणं सक्तीचं आहे की नाही, यावरही प्रत्येक जण वेगळं सांगतो. शिवाय ड्राफ्टसाठी नाव देऊन नंतर विचार बदलला तर मुलगा पुन्हा कॉलेजकडून खेळू शकतो का? नीट माहिती असलेल्यांनी सांगावं.

अर्धा_कोर्ट:
अट ड्राफ्टच्या दिवशी १९ पूर्ण असण्याची नाही. ज्या कॅलेंडर वर्षात ड्राफ्ट आहे, त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १९ पूर्ण झाली की पुरे. फ्लॅगचा जन्म २१ डिसेंबर २००६ चा आणि ड्राफ्ट झाला २५ जून २०२५ ला. त्या दिवशी तो साडेअठरा वर्षांचा होता, पण डिसेंबरात १९ पूर्ण होणार होती, म्हणून पात्र. हाच मुलगा अकरा दिवस उशिरा, १ जानेवारी २००७ ला जन्मला असता, तर त्याला २०२६ पर्यंत थांबावं लागलं असतं.

दुसरी अट वेगळी आहे आणि लोक ती पहिलीत मिसळतात. अमेरिकेतल्या मुलाने हायस्कूल संपवल्यानंतर एनबीएचा एक पूर्ण हंगाम उलटलेला असावा लागतो. दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. फ्लॅग मूळच्या तुकडीपेक्षा एक वर्ष आधी, म्हणजे २०२४ मध्येच हायस्कूल संपवून बाहेर पडला, तेव्हा कुठे २०२५ जमलं. नुसतं वय बसून उपयोग नव्हता.

कॉलेजचा उल्लेख नियमात कुठेच नाही. तो हंगाम कुठे घालवायचा हे मुलाने ठरवायचं. ब्रँडन जेनिंग्ज इटलीत खेळून २००९ मध्ये आला, लामेलो बॉल ऑस्ट्रेलियात खेळून २०२० मध्ये तिसरा गेला. अँफर्नी सायमन्सने २०१७ ला हायस्कूल संपवून आयएमजी अकादमीत (खेळांवर भर देणाऱ्या शाळेत) एक जादा वर्ष काढलं आणि २०१८ मध्ये पोर्टलंडने त्याला २४ वा घेतला. आपल्याकडचा सतनाम सिंगही त्याच अकादमीतून, कॉलेजात एकही सामना न खेळता, २०१५ मध्ये ५२ वा निवडला गेला.

घोळ होतो तो जादा वर्षाच्या हिशोबात. हायस्कूलचं प्रमाणपत्र हातात पडल्यावर काढलेलं वर्ष मोजलं जातं. पण प्रमाणपत्राआधीच एखादी इयत्ता पुन्हा केली (चांगल्या संघात जागा मिळावी म्हणून हे सर्रास चालतं), तर हायस्कूलच वर्षभर उशिरा संपतं आणि ड्राफ्टही वर्षभर पुढे जातो. शाळा मध्येच सोडली तरी सुटका नाही. तो ज्या तुकडीबरोबर पास झाला असता, त्या तुकडीचं वर्ष धरतात.

फ्री_थ्रो_७७:
परत येण्याबद्दल. यात दोन वेगवेगळ्या मुदती आहेत आणि नुकसान तिथेच होतं. २०२५ चं वेळापत्रक बघा. नाव देण्याची शेवटची तारीख ड्राफ्टच्या ६० दिवस आधी, २६ एप्रिल, रात्री ११:५९, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची वेळ. आपल्याकडे तेव्हा २७ तारखेची सकाळ, ९:२९. कॉलेजचा खेळाडू म्हणून परतायचं असेल तर माघारीची मुदत २८ मे, ही एनसीएएची, म्हणजे कॉलेज खेळांच्या अमेरिकन संघटनेची. एनबीएची स्वतःची माघारीची मुदत ड्राफ्टच्या १० दिवस आधी, १५ जून, संध्याकाळी ५.

२८ मे उलटल्यावर आणि १५ जूनच्या आत नाव मागे घेतलं तर ड्राफ्टमधून नाव निघतं, पण कॉलेजचं दार बंद झालेलं असतं. परदेशी क्लबांसाठी खेळणाऱ्या मुलांना १५ जूनची तारीख कामाची आहे. कॉलेजच्या मुलाने २८ मे हीच खरी मुदत धरावी.

एजंटचंही तसंच. नाव दिल्यावर कॉलेजच्या मुलाला एजंट घेता येतो, मात्र तो एनसीएएने प्रमाणित केलेला हवा, आधी एनबीएच्या सल्लागार समितीकडे मूल्यमापन मागितलेलं हवं, आणि कॉलेजात परतताना करार संपवावा लागतो. ओळखीतल्या कुणाशी साध्या कागदावर सही केली तर परतीचा रस्ता धोक्यात येतो. अशी माघार जास्तीत जास्त दोनदा घेता येते.

रिबाउंड_नाशिक:
आणि मागे न घेता थांबला, पण कुणी निवडलंच नाही तर?

फ्री_थ्रो_७७:
मग तो मुक्त खेळाडू, कुठल्याही संघाशी करार करू शकतो. बहुतेकांच्या वाट्याला टू-वे करार येतो, म्हणजे थोडा वेळ एनबीए, बाकी जी लीग (एनबीएची खालच्या पातळीची लीग). २०२३ पासून प्रत्येक संघाला असे तीन ठेवता येतात. पहिल्या फेरीत निवड झाली तर पहिल्या दोन वर्षांचा पगार पक्का असतो. दुसऱ्या फेरीत अशी ठरलेली हमी नसते. मूल्यमापनात 'दुसरी फेरी किंवा बाहेर' असं आलं तर परत जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. २०२१ पासून कॉलेजातल्या मुलांना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येतात, त्यामुळे घरच्या अडचणीपायी घाई करण्याचं कारण पूर्वीइतकं उरलेलं नाही.

बेसलाइन:
परदेशी मुलांचा हिशोब वेगळा आहे, तो राहिला. वयाची १९ ची अट त्यांनाही आहे, हायस्कूलनंतरच्या हंगामाची नाही. ज्या वर्षी २२ पूर्ण होतात त्या वर्षी नाव न देताही ते आपोआप ड्राफ्टमध्ये येतात. पण 'परदेशी' म्हणजे नुसता पासपोर्ट नव्हे. ड्राफ्टआधीची किमान तीन वर्षं अमेरिकेबाहेर राहून खेळलेला हवा, अमेरिकेत हायस्कूल पूर्ण केलेलं नको, आणि तिथल्या कॉलेजात कधीच प्रवेश घेतलेला नको. पुण्या-मुंबईचा मुलगा शिष्यवृत्तीवर तिथल्या कॉलेजात दाखल झाला की त्याला अमेरिकन मुलांचेच नियम.

अर्धा_कोर्ट:
बरोबर. आणि ही अट कोर्टात का टिकते तेही सांगतो. १९७१ मध्ये स्पेन्सर हेवूड या खेळाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय त्याच्या बाजूने उभं राहिलं आणि हायस्कूलनंतर चार वर्षं थांबण्याचा जुना नियम मोडला. तो नियम लीगने एकतर्फी लादलेला होता. आताची अट २००५ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने मान्य केली आणि २००६ च्या ड्राफ्टपासून लागू झाली. संघटनेशी वाटाघाटी करून ठरलेल्या अटीला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट मिळते. अमेरिकन फुटबॉलमध्ये मॉरिस क्लॅरेट २००४ मध्ये अपिलात याच मुद्द्यावर हरला. म्हणून १८ चा दरवाजा पुन्हा उघडायचा असेल तर खटला भरून फारसं हाती लागणार नाही. तो लीग आणि संघटना यांच्या पुढच्या करारातच उघडू शकतो.